इम्पिडन्स पद्धतीने दुधाची जिवाणू तपासणी: तयारी, टप्प्यांचा क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

दुग्धशाळेच्या प्रयोगशाळेत इम्पिडन्स पद्धतीचे, म्हणजे दुधाचा विद्युत्प्रवाहाला होणारा विरोध मोजून जिवाणूंचा अंदाज घेणारे यंत्र आले की काही दिवसांतच एक तक्रार सुरू होते: यंत्राने दिलेला आकडा प्लेट काउंटशी, म्हणजे प्लेटवर जिवाणू वाढवून मोजलेल्या कॉलनींच्या संख्येशी, जुळत नाही. बहुतेक वेळा दोष यंत्राचा नसतो. नमुना थंड असतानाच सेलमध्ये, म्हणजे यंत्राच्या इलेक्ट्रोड असलेल्या छोट्या नळीत, भरलेला असतो, भरलेल्या दुधाचे माप दर वेळी थोडे वेगळे असते किंवा यंत्रासोबत आलेली तयार कॅलिब्रेशन रेषा (यंत्राच्या मोजमापावरून जिवाणूसंख्या काढून देणारी आलेखरेषा) आपल्या दुधावर जशीच्या तशी वापरलेली असते; यांतली शेवटची चूक सर्वांत जास्त आढळते. हा लेख पाश्चरीकृत पिशवीबंद दूध आणि बल्क कूलरमधील कच्चे दूध यांच्या एकूण जिवाणूसंख्येच्या तपासणीसाठी आहे. कोलिफॉर्म, साल्मोनेला आणि यीस्ट यांच्यासाठी पद्धतीत काय बदलावे लागते, ते शेवटी थोडक्यात दिले आहे.

## सुरुवातीपूर्वी: यंत्र नेमके काय सांगते

जिवाणू वाढताना दुधातील लॅक्टोज आणि प्रथिने यांसारखे भाररहित किंवा अल्पभारित मोठे रेणू तोडतात, आणि त्यांपासून लॅक्टेट, अमिनो आम्ले, अमोनियम असे लहान, भारित आणि द्रवात सहज हलणारे कण तयार होतात. सेलमधील दोन इलेक्ट्रोडमधून सौम्य प्रत्यावर्ती प्रवाह सोडून यंत्र ठरावीक मिनिटांनी मोजमाप घेत राहते. भारित कण वाढले की द्रवाची वाहकता वाढते आणि इम्पिडन्स घटतो. मात्र हा बदल पहिल्या जिवाणूपासून दिसत नाही. सेलमधील संख्या प्रति मिलिलिटर सुमारे १० लाख ते १ कोटी झाल्यावरच तो आधाररेषेच्या वर स्पष्टपणे उठतो. नमुना यंत्रात ठेवल्यापासून तो क्षण येईपर्यंतचा काळ म्हणजे डिटेक्शन टाइम, प्रयोगशाळेच्या बोलीत डीटी.

म्हणजेच यंत्र जिवाणू मोजत नाही, ते वेळ मोजते. समजा, सेलमध्ये सुरुवातीला प्रति मिलिलिटर १० हजार जिवाणू आहेत आणि उंबरठा १ कोटीचा आहे. तिथवर पोहोचायला सुमारे दहा वेळा दुप्पट व्हावे लागते. एका दुपटीला ४५ मिनिटे लागत असतील, तर हा प्रवास साडेसात तासांचा होतो. नव्या माध्यमात वाढ सुरू होण्यापूर्वी जिवाणूंचा जो विलंबकाळ जातो, तो त्यात वेगळा मिळवावा लागतो. अशा प्रकारे डीटी तीन गोष्टींवर ठरतो: सुरुवातीची संख्या, दुपटीचा काळ आणि विलंबकाळ. आपल्याला फक्त पहिली हवी असते, पण यंत्राला तिन्हींची बेरीजच दिसते. पुढचा प्रत्येक टप्पा दुसरी आणि तिसरी गोष्ट नमुन्यागणिक बदलू नये यासाठी आहे. हे ध्यानात राहिले, तर कोणता नियम कशासाठी आहे, हे वेगळे सांगावे लागत नाही.

## टप्पा १: कोणता निर्णय घ्यायचा आहे, ते लिहून ठेवा

यंत्र सुरू करण्यापूर्वी एका कागदावर चार गोष्टी लिहाव्यात: पदार्थ, मर्यादा, तापमान आणि माध्यम. पाश्चरीकृत दुधासाठी एफएसएसएआयच्या मानकांत एरोबिक प्लेट काउंटची खालची मर्यादा प्रति मिलिलिटर ३०,००० आणि वरची ५०,००० आहे; पाचपैकी जास्तीत जास्त दोन नमुने या दोहोंच्या दरम्यान चालतात. कच्च्या दुधासाठी बहुतेक संघ आणि खासगी दुग्धशाळा संकलनाच्या दर्जानुसार आपापल्या अंतर्गत मर्यादा ठरवतात. मर्यादा कोणतीही असो, ती आधी ठरलेली असावी, कारण कॅलिब्रेशनचे नमुने तिच्या दोन्ही बाजूंना पसरलेले असावे लागतात.

तापमान ठरवताना घाई नडते. आयएस ५४०२ नुसार प्लेट काउंट ३० अंश सेल्सिअसला ७२ तास ठेवून घेतला जातो. निकाल लवकर मिळावा म्हणून यंत्र ३७ अंशांवर लावले, तर प्लेटवर आणि सेलमध्ये दोन वेगळ्या जिवाणूसमूहांची वाढ मोजली जाते. थंड साखळीतून आलेल्या दुधात वरचढ असणारे स्यूडोमोनाससारखे अनेक शीतसहिष्णू जिवाणू ३७ अंशांना नीट वाढत नाहीत, आणि नेमक्या ज्या दुधाबद्दल सावध राहायचे तेच स्वच्छ भासते. त्यामुळे एकूण संख्येसाठी यंत्रही ३० अंशांवरच लावावे. शीतसहिष्णू जिवाणूंचाच शोध घ्यायचा असेल, तर २० अंशांच्या आसपास वेगळी धाव (सेल भरून नोंद संपेपर्यंतची यंत्राची एक फेरी) घ्यावी आणि तिची कॅलिब्रेशन रेषाही वेगळी काढावी.

इशारा: दही, चक्का, ताक यांची एकूण संख्या या पद्धतीने तपासू नये. विरजणाचे जिवाणूच कोट्यवधी असतात, आणि डीटी त्यांच्याविषयीच सांगेल.

## टप्पा २: यंत्र, सेल आणि वीजपुरवठा

तापमान एक अंशाने वाढले, की द्रवाची वाहकता सुमारे २ टक्क्यांनी वाढते. वाढ ओळखण्यासाठी यंत्रात लावलेली मर्यादाही साधारण याच पट्टीतली असते, म्हणून अर्ध्या अंशाचा चढउतारही वक्ररेषेत जिवाणूंच्या वाढीसारखा दिसू शकतो. साध्या इन्क्युबेटरला जी स्थिरता पुरते, ती इथे अपुरी पडते. म्हणूनच या यंत्रांत धातूचा तापवलेला ठोकळा किंवा पाण्याचे नियंत्रित कुंड असते. यंत्र एसीच्या झोतासमोर, ऑटोक्लेव्हशेजारी किंवा सतत उघडणाऱ्या दाराजवळ ठेवू नये. काम सुरू करण्यापूर्वी ते ठरलेल्या तापमानावर किमान काही तास चालू असावे.

ग्रामीण भागातील संयंत्रांत भारनियमन किंवा अचानक वीज जाणे ही नेहमीची बाब आहे. यूपीएस फक्त संगणकाला जोडलेला असेल, तर नोंद वाचते पण तापमान घसरते, आणि ती धाव निकामी होते. यूपीएसची क्षमता तापक धरून मोजावी. मध्येच तापमान घसरलेल्या धावेतील निकाल सुधारून वापरू नयेत. ती धाव रद्द समजावी.

पुन्हा वापरायचे सेल असतील, तर इलेक्ट्रोडवर दुधाच्या प्रथिनांचा आणि स्निग्धांशाचा पातळ थर बसतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण आधाररेषा हलवतो. क्षारयुक्त धुणे, मग आम्लयुक्त धुणे, नंतर ऊर्ध्वपातित पाण्याने अनेकदा खळाळणे आणि मगच निर्जंतुकीकरण, हा क्रम पाळावा. ॲमोनियम संयुगांवर आधारित निर्जंतुक द्रावण सेलमध्ये वापरू नये. त्याचा उरलेला अंश जिवाणूंची वाढ लांबवतो, आणि डीटी खोटा वाढतो.

पडताळणी: आठवड्यातून एकदा सर्व सेलमध्ये फक्त निर्जंतुक माध्यम भरून २४ तास धाव घ्यावी. सर्व रेषा आडव्या राहिल्या पाहिजेत. एखाद्या जागेवरची रेषा दर वेळी वर चढत असेल, तर दोष सेलचा आहे की यंत्रातील त्या खाचेचा, हे सेलची अदलाबदल करून पाहावे.

## टप्पा ३: माध्यम

दूध स्वतःच जिवाणूंना पोषक असले, तरी ते सरळ सेलमध्ये भरण्याऐवजी पोषक द्रवात मिसळलेले बरे. ट्रिप्टोन, यीस्ट अर्क आणि ग्लुकोज असलेले साधे माध्यम एकूण संख्येसाठी पुरते. त्यामुळे नमुन्यानमुन्यांतील स्निग्धांश, पीएच आणि क्षार यांचा फरक सौम्य होतो, आणि दुपटीचा काळ सारखा राहायला मदत होते.

माध्यमाची सुरुवातीची वाहकता जितकी कमी, तितका त्यात पडलेला लहान फरक ठळक दिसतो. म्हणून प्लेट काउंटच्या कामासाठी बनवलेल्या, मिठाचे प्रमाण जास्त असलेल्या द्रावणांचा इथे मोह धरू नये. निवडक माध्यमात क्षार जास्त ठेवावेच लागत असतील, तर वाहकतेऐवजी धारितेचा (इलेक्ट्रोडच्या पृष्ठभागाशी विद्युतभार साठवण्याच्या क्षमतेचा) संकेत वाचावा. बहुतेक यंत्रांत ती सोय असते. एकदा निवडलेला संकेत मात्र कॅलिब्रेशनपासून रोजच्या कामापर्यंत तोच ठेवावा.

माध्यमाची नवी बाटली उघडली, की तिचा पीएच आणि वाहकता मोजून वहीत लिहावी. कोरडी पूड एकाच कंपनीची असूनही पाण्याच्या दर्जामुळे फरक पडतो, विशेषतः बोअरवेलच्या पाण्यावर चालणारे ऊर्ध्वपातन यंत्र क्षारांनी भरत आले असेल तेव्हा.

## टप्पा ४: नमुना घेणे आणि आणणे

नमुना निर्जंतुक बाटलीत घ्यावा, ० ते ४ अंशांवर ठेवावा आणि शक्य तितक्या लवकर, २४ तासांच्या आत तपासावा. हे सर्वांना ठाऊक असते. चूक होते ती पुढच्या गोष्टीत.

अनेक संकलन केंद्रांवर स्निग्धांश आणि एसएनएफसाठी (स्निग्धांशाव्यतिरिक्तच्या घन पदार्थांसाठी) घेतलेल्या नमुन्यांत ब्रोनोपॉल किंवा पोटॅशियम डायक्रोमेटसारखे परिरक्षक आधीच टाकलेले असते. वरून सारख्याच दिसणाऱ्या बाटल्यांमुळे तोच नमुना जिवाणू तपासणीला येतो. डीटी खूप लांबतो, नमुना उत्तम ठरतो, आणि तो आकडा कुणालाही खटकत नाही. दोन्ही कामांच्या बाटल्यांची झाकणे वेगळ्या रंगांची ठेवणे हा एकमेव भरवशाचा उपाय आहे.

प्रतिजैविकांचे अंश हीदेखील तशीच अडचण आहे. स्तनदाहाच्या उपचारानंतर ठरलेला काळ न थांबता दूध संकलनात आले, तर त्यातील औषध सेलमधील वाढ रोखते. भेसळीसाठी टाकलेले हायड्रोजन पेरॉक्साइड आणि फॉर्मॅलिन यांचा परिणामही असाच होतो. म्हणून कच्च्या दुधाच्या प्रत्येक तुकडीची प्रतिजैविक पट्टीचाचणी आणि परिरक्षकांची चाचणी आधी करावी, इम्पिडन्सची नंतर.

इशारा: कच्च्या दुधाचा डीटी नेहमीपेक्षा फारच लांब आला, तर आनंद मानण्याआधी दुधात वाढ रोखणारे काही आहे का, ते तपासावे. त्याच दुधात माहीत असलेल्या जिवाणूंची थोडी मात्रा मुद्दाम घालून पुन्हा धाव घ्यावी. तरीही डीटी लांबच राहिला, तर दोष दुधात आहे.

## टप्पा ५: सेल भरण्याचा क्रम

इथे हाताची शिस्त लागते, आणि क्रम मोडला की चूक नंतर सापडत नाही.

१. माध्यम भरलेले सेल यंत्राच्या तापमानावर आधीच आणून ठेवावेत. शीतकपाटातून काढलेले माध्यम सरळ वापरू नये.

२. नमुन्याची बाटली ठरलेल्या पद्धतीने, ठरलेल्या वेळा उलटसुलट करून ढवळावी. जोरात हलवल्यास फेस होतो आणि तो पिपेटमध्ये येऊन माप चुकवतो.

३. निर्जंतुक पिपेटने ठरलेले माप, समजा ९ मिलिलिटर माध्यमात १ मिलिलिटर दूध, अचूक सोडावे. इथे अर्ध्या मिलिलिटरची चूक म्हणजे सुरुवातीची संख्या निम्मी, म्हणजेच एक दुपटीचा उशीर. दुपटीला ४५ मिनिटे लागत असतील, तर डीटी ४५ मिनिटांनी चुकतो. यंत्र मिनिटे दाखवते म्हणून मोजमाप अचूक आहे, असे समजू नये. अचूकता पिपेटच्या टोकाशी ठरते.

४. सेल हलकेच मिसळावा आणि इलेक्ट्रोडवर बुडबुडा अडकलेला नाही, हे उजेडात धरून पाहावे. इलेक्ट्रोड द्रवात पूर्ण बुडालेले असावेत.

५. प्रत्येक नमुन्याचे दोन सेल भरावेत. प्रत्येक धावेत एक कोरा सेल, म्हणजे फक्त माध्यम, आणि एक ओळखीचा नमुना असावा.

६. सर्व सेल एका दमात यंत्रात ठेवून मगच नोंद सुरू करावी. चाळीस सेल भरताना पहिला आणि शेवटचा यांत अर्ध्या तासाचे अंतर पडत असेल, तर पहिल्या सेलमधील जिवाणूंना अर्धा तास जास्त मिळतो. यंत्रात प्रत्येक खाचेची सुरुवात स्वतंत्रपणे नोंदवण्याची सोय असेल, तर ती वापरावी. नसेल, तर नमुन्यांचे छोटे गट करावेत.

पडताळणी: दोन जुळ्या सेलच्या डीटीमध्ये तुमच्या प्रयोगशाळेने ठरवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त फरक पडला, तर सरासरी काढून पुढे जाऊ नये. तो नमुना पुन्हा लावावा. संख्या फारच कमी असेल, तेव्हा मात्र जुळ्या सेलमधील फरक स्वाभाविक असतो, कारण एका मिलिलिटरमध्ये मोजकेच जिवाणू असताना ते दोन्ही सेलमध्ये सारखे वाटले जात नाहीत.

## टप्पा ६: वक्ररेषा वाचणे

डीटीचा आकडा घेण्याआधी रेषा पाहावी. हे सांगायचे कारण असे की बहुतेक यंत्रे आकडा आपोआप देतात, आणि बहुतेक प्रयोगशाळा रेषा उघडतच नाहीत.

खरी वाढ असलेली रेषा बराच काळ आडवी राहते, मग वळते आणि झपाट्याने चढते. पहिल्या तासाभरात दिसणारी चढण जवळपास नेहमी तापमानाची असते: थंड द्रव गरम होत असतो आणि वाहकता वाढते. यंत्रात सुरुवातीचा हा काळ दुर्लक्षित करण्याची सोय असते, आणि किती काळ दुर्लक्षित करायचा हे निर्जंतुक माध्यमाच्या रेषेवरून ठरवावे. मात्र अत्यंत दूषित दुधाचा खरा डीटीही याच काळात येऊ शकतो. म्हणून तासाभरातच चढलेल्या नमुन्याला चूक म्हणून बाद करू नये. तो दहापट, शंभरपट सौम्य करून पुन्हा लावावा.

एकाएकी आलेली उभी उडी म्हणजे बुडबुडा निसटला किंवा सेलचा संपर्क हलला. तासन्‌तास एकाच उतारावर चढत राहणारी सरळ रेषा म्हणजे तापमान हळूहळू सरकत असल्याची खूण, किंवा क्वचित दुधातील स्वतःच्या विकरांची (एन्झाइमांची) क्रिया. लहान पायऱ्यांसारखी दिसणारी रेषा बहुधा विजेच्या गडबडीची असते. यांतल्या कोणत्याही रेषेवरून आलेला डीटी निकालपत्रावर लिहू नये.

## टप्पा ७: कॅलिब्रेशन

या पद्धतीचे सर्व मोल या टप्प्यावर उभे आहे, आणि उतावीळपणाही इथेच होतो. डीटीवरून संख्या काढायची असेल, तर त्याच नमुन्याचा त्याच वेळी प्लेट काउंट घेऊन दोन्हींची सांगड घालावी लागते. आडव्या अक्षावर डीटी आणि उभ्या अक्षावर संख्येचा लॉग (दहाच्या पायाचा लॉगॅरिदम) ठेवला, की बिंदू खाली उतरणाऱ्या सरळ रेषेभोवती पसरतात. ती रेषा तुमच्या दुधाची, तुमच्या माध्यमाची आणि तुमच्या तापमानाची असते. दुसऱ्या संयंत्राची रेषा उसनी घेणे म्हणजे तिथल्या जिवाणूंचा दुपटीचा काळ आपल्या दुधावर लादणे.

नमुने किती घ्यावेत? शंभराच्या आसपास नमुने हा प्रचलित आणि वाजवी आकडा आहे. वीस-पंचवीस नमुन्यांवर काढलेली रेषा कागदावर छान दिसते, पण पुढच्या महिन्यात हलते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे नमुन्यांचा पल्ला. मर्यादा ३०,००० असेल, तर काहीशे ते काही लाख किंवा त्याहून अधिक संख्येचे नमुने हवेत. रोजचे चांगले दूध तपासत राहिले, तर सर्व बिंदू एका कोपऱ्यात गोळा होतात आणि रेषेला दिशाच मिळत नाही. जास्त संख्येचे नमुने मिळवण्यासाठी पिशव्या वेगवेगळ्या तापमानांवर वेगवेगळे दिवस ठेवाव्यात, पण सर्वच नमुने एकाच तापमानावर बिघडवू नयेत, कारण ७ अंशांवर बिघडलेल्या दुधात जे जिवाणू वाढतात ते २५ अंशांवर बिघडलेल्या दुधात वाढतीलच असे नाही.

इशारा: निर्जंतुक दुधात प्रयोगशाळेतील ताजे कल्चर घालून रेषा काढू नये. पोषक द्रवात जोमाने वाढत असलेल्या पेशींना विलंबकाळ जवळपास नसतो. पाश्चरीकरणातून वाचलेल्या, उष्णतेने दुखावलेल्या किंवा दोन दिवस थंडीत राहिलेल्या पेशींना मात्र सावरायला वेळ लागतो. अशा रेषेवर रोजचे दूध तपासले, तर लांबलेल्या डीटीमुळे प्रत्येक नमुना असतो त्यापेक्षा स्वच्छ ठरतो.

कच्चे दूध, पाश्चरीकृत दूध आणि दुधाची भुकटी यांच्या तीन वेगळ्या रेषा काढाव्यात. एकत्र केल्यास एकही कामाची राहत नाही.

प्लेट काउंटलाही तितक्याच चिकित्सेने पाहावे. जिवाणूंचा एक पुंजका प्लेटवर एकच कॉलनी देतो, पण सेलमध्ये त्यातील प्रत्येक पेशी वाढीला हातभार लावते. त्यामुळे काही बिंदू रेषेपासून दूर राहणारच. ते केवळ सोयीसाठी काढून टाकू नयेत. एखादा बिंदू वगळायचा असेल, तर त्याचे नोंदलेले कारण हवे, उदाहरणार्थ पसरलेली प्लेट किंवा बुडबुड्याची उडी.

सहसंबंध गुणांक ०.९ च्या वर आला की काम झाले, असे मानण्याची पद्धत पडली आहे. ती पुरेशी नाही. नमुन्यांचा पल्ला खूप मोठा असेल, तर गुणांक आपोआपच वर जातो. खरी कसोटी म्हणजे रेषेभोवतीच्या बिंदूंची प्रमाण त्रुटी, म्हणजे बिंदू रेषेपासून सर्वसाधारणपणे किती दूर पडतात याचे लॉगमध्ये मोजलेले माप. ती ०.३ असेल, तर एका प्रमाण त्रुटीत संख्या दुप्पट किंवा निम्मी असू शकते, आणि दोन प्रमाण त्रुटींत चौपट किंवा पाव.

## टप्पा ८: डीटीवरून निर्णय

हे उदाहरण केवळ समजण्यासाठी आहे. त्यातील आकडे तुमच्या रेषेचे नाहीत. समजा, रेषा अशी आली: लॉग संख्या = ७.८ − (०.४ × डीटी तासांत), आणि प्रमाण त्रुटी ०.३. मर्यादा ३०,००० चा लॉग ४.४८. समीकरणात घातल्यास मर्यादेचा डीटी ८.३ तास, म्हणजे ८ तास १८ मिनिटे येतो.

अनेक ठिकाणी हीच वेळ लक्ष्मणरेषा मानून तिच्यानंतर चढणारे सर्व नमुने पास केले जातात. तसे करू नये. दोन प्रमाण त्रुटी म्हणजे लॉगमध्ये ०.६, आणि या रेषेवर ते दीड तासाच्या बरोबरीचे आहे. म्हणून ९ तास ४८ मिनिटे होईपर्यंत आडवा राहिलेला नमुना निर्धास्तपणे पास करावा, ६ तास ४८ मिनिटांच्या आत चढलेला नापास धरावा, आणि मधल्या तीन तासांत चढलेला नमुना अनिश्चित मानून त्याचा प्लेट काउंट लावावा. अनिश्चित पट्टा रुंद वाटत असेल, तर टप्पा ५ आणि ७ मधील शिस्त वाढवून प्रमाण त्रुटी कमी करावी. पट्टा मनाने अरुंद करू नये.

या पद्धतीचा खरा फायदा वेळेचा आहे. ७२ तासांच्या प्लेटचा निकाल येईपर्यंत पिशवीतले दूध पिऊन संपलेले असते. इथे बिघडलेली तुकडी त्याच पाळीत कळते आणि चांगली तुकडी दहा तासांत मोकळी करता येते. मात्र निकालपत्रावर हा आकडा अंदाजित संख्या म्हणून लिहावा. वाद किंवा कायदेशीर तपासणी असेल, तर विहित प्लेट पद्धतीचाच निकाल ग्राह्य धरला जातो. पर्यायी पद्धत ग्राहकाला किंवा मान्यता देणाऱ्या संस्थेला पटवून द्यायची असेल, तर आयएसओ १६१४० मालिकेतील पडताळणीची चौकट पाहावी.

पडताळणी: रोजच्या नमुन्यांपैकी काही नमुने कायम प्लेटवरही लावत राहावे आणि रेषेने सांगितलेल्या संख्येतील फरक आलेखावर मांडावा. फरक सलग एकाच बाजूला झुकू लागला, तर रेषा जुनी झाली. उन्हाळ्यात वाढलेले पाण्याचे आणि दुधाचे तापमान, पावसाळ्यातील चिखल आणि ओला चारा, तसेच संयंत्रातील सफाईच्या रसायनात केलेला बदल, या प्रत्येकाने दुधातील जिवाणूसमूह बदलतो. निदान या काळांत रेषा पुन्हा तपासावी.

## टप्पा ९: इतर तपासण्यांसाठी काय बदलते

कोलिफॉर्मसाठी निवडक माध्यम आणि ३५ ते ३७ अंश तापमान लागते. इथे मर्यादा इतकी कमी असते, की संख्या काढण्यापेक्षा ठरलेल्या तासांत वाढ दिसली की नाही, इतकाच प्रश्न ठेवावा. चढलेल्या प्रत्येक सेलमधून ब्रिलियंट ग्रीन बाइल माध्यमात घेऊन खात्री करावी, कारण निवडक माध्यमात इतर जिवाणूही कधी कधी वाढतात.

साल्मोनेला २५ ग्रॅममध्ये एकही नसावा लागतो, आणि उंबरठा तर १० लाखांचा आहे. म्हणून २५ ग्रॅम नमुना २२५ मिलिलिटर बफर्ड पेप्टोन वॉटरमध्ये ३७ अंशांना रात्रभर वाढवल्याशिवाय या पद्धतीचा उपयोग नाही. त्यानंतरच्या निवडक माध्यमात ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड घालतात. साल्मोनेला त्याचे भारित ट्रायमिथाइलअमाइनमध्ये रूपांतर करतो, आणि वाहकतेत ठळक चढण दिसते. इतरही काही जिवाणू हे करू शकतात, म्हणून चढलेला सेल म्हणजे केवळ संशयित. पुढील खात्री नेहमीच्या प्लेट, जैवरासायनिक आणि सीरम चाचण्यांनीच करावी. ही तपासणी उत्पादन विभागाला लागून असलेल्या खोलीत करू नये.

यीस्टचा प्रश्न श्रीखंडाच्या उत्पादकांना चांगला ठाऊक आहे: डबा फुगतो, आंबूस वास येतो. यीस्ट वाढताना भारित कण फारसे तयार करत नाही, त्यामुळे सरळ पद्धतीत रेषा जेमतेम हलते. इथे अप्रत्यक्ष पद्धत वापरतात. नमुना असलेल्या बंद नळीत वेगळ्या जागी पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे द्रावण ठेवून इलेक्ट्रोड त्यात बुडवतात. वाढीतून निघालेला कार्बन डायऑक्साइड त्यात शोषला जातो, हायड्रॉक्साइडची जागा कमी चपळ कार्बोनेट घेतो आणि वाहकता घटते. म्हणजे इथे रेषा खाली उतरते. विरजणातील काही जिवाणूही कार्बन डायऑक्साइड सोडतात, म्हणून माध्यमाचा पीएच कमी ठेवून त्यात जिवाणूरोधक प्रतिजैविक घालावे लागते. हायड्रॉक्साइडचे द्रावण हवेतूनही हा वायू शोषते, त्यामुळे ते ताजे करावे, झाकून ठेवावे आणि नळीचे झाकण सैल राहिलेले नाही, हे प्रत्येक वेळी हाताने दाबून पाहावे.

## टप्पा १०: धाव संपल्यावर

धाव संपते तेव्हा सेलमध्ये कोट्यवधी जिवाणू असतात, मग मूळ दूध कितीही चांगले असो. सेल उघडून सिंकमध्ये ओतू नयेत. ते झाकणासह १२१ अंशांवर किमान १५ मिनिटे ऑटोक्लेव्ह करावेत. सेल ऑटोक्लेव्हला चालणारे नसतील, तर उत्पादकाने सांगितलेल्या रसायनात पूर्ण बुडवून ठरलेला वेळ ठेवावेत आणि मगच टप्पा २ मधील धुण्याच्या क्रमाला लागावे. धावेच्या नोंदीत तारीख, माध्यमाचा बॅच, यंत्राचे तापमान, कोऱ्या सेलची रेषा, ओळखीच्या नमुन्याचा डीटी आणि भरणाऱ्याचे नाव लिहावे. रद्द केलेल्या धावाही कारणासह त्याच वहीत नोंदवाव्यात.